दळण आणि राजकीय भूमिका

मा. संपादक, स. न.

रविवारच्या पुरवणीतला तो पानभर लेख वाचला. आपण कुठल्या दुकानात जातो, कुठला पिक्चर बघतो यात आपली राजकीय भूमिका दिसलीच पाहिजे, नाहीतर आपण म्हणे झोपलेले नागरिक. लेख छान आहे. लेखकांच्या घरी दळण कोण आणतं हे मात्र त्यात कुठे आलेलं नाही.

मी हा प्रयोग करून बसलेय म्हणून लिहितेय. 2024 च्या विधानसभेच्या वेळी आमच्या गिरणीवाल्या काकांनी दारावर एका उमेदवाराचं पोस्टर लावलं, गळ्यात उपरणं, आणि डबा परत देताना "ताई, यंदा लक्ष असू द्या" हे आहेच. आमच्या ह्यांना ते झोंबलं. ज्याला आपण मत देणार नाही त्याच्या प्रचारकाला आपले पैसे का द्यायचे, असं ह्यांचं म्हणणं. मलाही तेव्हा पटलं, खोटं कशाला बोलू. सतरा वर्षांची गिरणी सोडली आणि शाळेमागच्या गिरणीत डबा न्यायला लागलो. म्हणजे मी न्यायला लागले, हे नाही.

आता तिथला प्रकार ऐका. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू असलं काही तिथे नाहीच, आला डबा की ओत. पहिल्याच खेपेला माझी ज्वारी हरभऱ्याच्या डाळीवर दळली आणि वर पीठ जाडसर. भाकरी थापताना कडेला चिरा, उचलायला गेलं की मधोमध दोन तुकडे. मी म्हटलं विरी गेली पिठाची, तर हे म्हणतात पाणी जरा गरम घे! ज्या माणसाने आयुष्यात परातीला हात लावला नाही तो मला उकड काढायला शिकवतोय. चार महिने आम्ही तत्त्वासाठी तुकडे खाल्ले, आणि त्या उमेदवाराला याचा पत्ताही नसणार. नुकसान झालं ते काकांचं, महिन्याला दोन-तीन डबे.

शेवटी मार्चमध्ये मी गुपचूप जुन्या गिरणीत गेले. काकांनी एवढंच विचारलं, "ताई, गावाला होतात का?" मी हो म्हटलं. पोस्टर तिथेच होतं, पण त्यावर पिठाचा इतका थर की तोंड कुणाचं ते ओळखूही येईना.

लेखात 1905 ची पुण्यातली परदेशी कपड्यांची होळी आहे, 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकखाली गेलेले बाबू गेनू आहेत. ते गिरणी कामगार होते (कापडाच्या गिरणीतले, पिठाच्या नाही). अहो पण त्या लोकांनी स्वतःच्या अंगावरचं टाकलं, बाबू गेनूंनी तर जीव दिला. माझ्या आजोळी कराडकडे आजी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील सोडून दुसरा घरात येऊ द्यायची नाही, पण म्हणून तिने शेजारणीच्या घरी जाऊन कंदील तपासल्याचं कुणी सांगत नाही. आमच्या सोसायटीत काय झालं? मे 2025 मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तिकडची सफरचंदं घेणं बंद केलं, ठीक आहे, धंदा त्यांचा, तोटा आला तर तोही त्यांचा, ते मला पटलं होतं. पण इथे गेटवर तिघा रिटायर्ड लोकांनी हातगाडीवाल्याला घेरलं आणि एकेक सफरचंद उचलून स्टिकर वाचायला लागले. त्याने पेटी आधीच रोखीने उचललेली. शेवटी बिचारा नखाने स्टिकरं खरवडत बसला. त्या तिघांपैकी एकानेही त्या दिवशी त्याच्याकडून साधी केळीसुद्धा घेतली नाहीत.

करमणुकीचं तर विचारूच नका. 14 सप्टेंबर 2025 ला आशिया कपात पाकिस्तानशी मॅच होती, ह्यांनी सकाळीच जाहीर केलं की पहलगामच्या हल्ल्यानंतर ही मॅच आपल्या घरात लागणार नाही. टीव्ही बंद. आणि संध्याकाळपासून दर पाच मिनिटांनी हात धुवायला बेसिनपाशी, मोबाइल घेऊन. जिंकलो हे मला ह्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

मीही काही वस्तू घेत नाही, एका नटाचं काहीही बघत नाही, कारण विचारू नका, माझं मला माहितीय. पण ते मी कुणाच्या गेटवर उभी राहून सांगत नाही आणि न करणाऱ्याला झोपलेलाही म्हणत नाही. आणि एवढा विवेकाने खरेदी करा सांगणारा लेख छापलात त्या दिवशी तुमचं पहिलं अख्खं पान बिल्डरच्या जाहिरातीचं होतं, बातम्या तिसऱ्या पानापासून. त्या बिल्डरची भूमिका तपासली होतीत का?

जाता जाता, शब्दकोड्याची उत्तरं सलग दुसऱ्या आठवड्यात छापलेली नाहीत. आडवे 14 काय होतं ते कृपया कळवावं, आमच्याकडे त्यावरून दोन तट पडलेत.

आपली,
एक जुनी वाचक, कर्वेनगर, पुणे