सईच्या ऑडिशनच्या निमित्ताने

परळ, मुंबई
22 जून 2025

प्रिय सुहास,

तुझा निरोप दोनदा ऐकला. हे फोनवर बोलून होण्यासारखं नाही. आज रविवार, सकाळ मोकळी मिळाली, म्हणून लिहायलाच बसलो.

तुझ्या लेकीला, सईला, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन द्यायची आहे, वहिनींना ते पटत नाही आणि तू मधे अडकला आहेस. माझं मत मागितलंस, ते देतोच. पण बोलता बोलता तू म्हणालास, ‘जिंकून तरी काय होतं रे, तो अभिजीत सावंत बघ, कुठे गायब झाला,’ ते मनाला लागलं. आधी त्याचंच लिहितो. सईचं उत्तर मला त्यातच सापडलंय.

5 मार्च 2005, शनिवार. आठवतंय? मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इंडियन आयडॉलचा पहिलाच सीझन, ऑक्टोबरपासून आपण एकही भाग सोडला नव्हता. समोर परीक्षक सोनू निगम, अनु मलिक आणि फराह खान. शेवटी उरले दोघं, भिलाईचा अमित साना आणि आपला अभिजीत. आपला म्हणजे माहीमच्या शाहूनगरातला, 23 वर्षांचा, आपल्याच वयाचा मराठी मुलगा. त्या आठवड्यात आपण प्रीपेडचा बॅलन्स संपेपर्यंत मतांचे एसएमएस पाठवले होते, आणि त्या एसएमएसला साध्यापेक्षा जास्त पैसे पडायचे. तुझी आई रागावली आणि मग स्वतःच रिचार्जला पैसे देऊन गेली. विजेता म्हणून अभिजीतचं नाव जाहीर झालं तेव्हा गॅलरीत थाळ्या वाजल्या. मी तेव्हा नुकताच ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायला लागलो होतो. घरी कोणालाच ते पसंत नव्हतं, आणि त्या रात्री बाबा पहिल्यांदा म्हणाले, ‘गाण्याबजावण्यातही काही होतं म्हणायचं.’ अभिजीतशी माझी ओळख नाही, पण त्या एका वाक्यासाठी मी आजही त्याचा ऋणी आहे.

त्याच वर्षी त्याचा ‘आपका अभिजीत सावंत’ हा अल्बम आला, आणि ‘मोहब्बतें लुटाऊंगा’ रिक्षात, सलूनमध्ये, लग्नाच्या हॉलात, जिथे जाऊ तिथे ऐकू यायला लागलं. त्याच वर्षी ‘आशिक बनाया आपने’मध्ये सुनिधी चौहानबरोबर त्याचं गाणं आलं. सुनिधीसुद्धा 1996 साली दूरदर्शनवरची स्पर्धा जिंकूनच आलेली. तिला सिनेमाने उचलून धरलं. त्याचा दुसरा अल्बम ‘जुनून’ 2007 साली आला तोवर बाजारच बदलला होता. दादर स्टेशनबाहेर एका सीडीत शंभर-दीडशे गाणी भरलेली एमपीथ्री मिळत होती, मग अख्खा अल्बम विकत कोण घेणार? हिंदी पॉप अल्बम असा काही धंदाच हळूहळू बंद पडला आणि गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं एवढंच उरलं. आणि सिनेमात गायकाच्या हातात फार थोडं असतं. एकच गाणं दोन-तीन गायकांकडून गाऊन घेतात आणि शेवटी एकाचं ठेवतात, हे मी स्टुडिओत वाजवायला गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर बसलेल्या गायकाला आपला आवाज राहिला की गेला, हे कधी कधी गाणं प्रसिद्ध झाल्यावरच कळतं.

पैशाचंही लिहितो, कारण वहिनींची भीती मुख्यतः तीच आहे. गाणं गाजलं की गायकाच्या घरी दर महिन्याला पैसे येतात, असा लोकांचा समज आहे. गायकाला रॉयल्टीचा हक्क कायद्याने स्पष्टपणे मिळाला तो 2012 च्या दुरुस्तीनंतर, आणि ती गोळा करायला गायकांची इस्रा ही संस्था 2013 साली उभी राहिली. त्याआधीचा आणि बराचसा नंतरचाही हिशोब स्टेजवरच चालतो. गणपती, नवरात्र, कॉलेजचे फेस्टिव्हल, कंपन्यांचे कार्यक्रम, लग्नाचं संगीत. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बोलावणं, आलं की गाडी पकडायची, साऊंडचेक करायचा, दहाला आवाज बंद व्हायच्या आत जेवढं गाता येईल तेवढं गायचं. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं माणूस गायब झाला.

तारखा लावून बघ. 2007 च्या डिसेंबरात जकार्ताला एशियन आयडॉल झालं, सहा देशांचे विजेते एका स्टेजवर. भारताकडून अभिजीत गेला. जिंकला सिंगापूरचा हॅडी मिर्झा. 2008 मध्ये वेगवेगळ्या स्पर्धांतल्या गायकांना एकमेकांसमोर उभं करणारा ‘जो जीता वही सुपरस्टार’ झाला. त्यात अभिजीत दुसरा आला, आणि पहिला आला राहुल वैद्य, म्हणजे पहिल्या इंडियन आयडॉलमध्ये त्याच्या मागे तिसरा राहिलेला मुलगा. विचार कर, देशाने ज्याला एकदा पहिला ठरवलंय त्याने पुन्हा रांगेत उभं राहून स्वतःला तपासून घ्यायचं, तेही तीनच वर्षांनी. नकोच म्हणाला असता तरी कोणी नाव ठेवलं नसतं. मला त्याचं ते धाडस जिंकण्यापेक्षा मोठं वाटतं. 2009 मध्ये त्याने ‘लॉटरी’ सिनेमात कामही करून पाहिलं. ते फार चाललं नाही.

आणि मागच्या वर्षी मराठी बिग बॉसचा पाचवा सीझन. आमच्याकडे रोज रात्री लागायचा. 6 ऑक्टोबरला अंतिम सोहळा, सूरज चव्हाण जिंकला, अभिजीत दुसरा. दुसऱ्या दिवशी त्याला 43 पूर्ण झाली. माझी पुतणी, जी 2005 साली जन्मलीसुद्धा नव्हती, त्याच्यासाठी मतं देत होती. मी तिला मंडळाच्या खोलीची, आपल्या एसएमएसची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, ‘काका, म्हणजे तुम्ही पण?’ मला फार बरं वाटलं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. आमच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात, तुला माहीतच आहे. बहुतेक चिठ्ठ्यांवर सिनेमाचं नाव असतं, नाहीतर हिरोचं. ‘शाहरुखचं ते ट्रेनवरचं’, असं. गायकाचं नाव क्वचित, आणि तेही किशोर, रफी, लता, आशा. पण इतक्या वर्षांत कितीतरी वेळा माझ्या हातात अशी चिठ्ठी आलीय: ‘अभिजीत सावंतचं ते.’ पुढे काहीच नाही. आणि आमचा गायक, कीबोर्डवाला, मी, आम्हा सगळ्यांना न विचारता कळतं की कोणतं. सुरावट सुरू झाली की चाळिशीतले लोक खुर्चीतून उठतात. एका माणसाचं नाव आणि एक गाणं एकमेकांना असं चिकटून वीस वर्षं राहिलंय. गायब झालेल्याचं असं असतं का रे?

याउलट एक मुलगी आमच्याबरोबर तीन वर्षं गायली. नाव लिहीत नाही. एका स्पर्धेत अगदी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत गेलेली. आवाज असा की मी वाजवताना ठेका विसरावा. पहिल्या वर्षी बॅनरवर तिचा फोटो मधोमध आणि सगळ्यात मोठा. दुसऱ्या वर्षी स्पर्धेचा पुढचा सीझन संपला होता, नवीन मुलं आली, तिचा फोटो कडेला गेला. तिसऱ्या वर्षी फक्त नाव राहिलं. तिचं गाणं कुठेच कमी पडलं नव्हतं. सहा महिने स्पर्धेत ती आशाताईंचं, श्रेयाचं, सगळ्यांचं उत्तम गायली, पण ‘हिचं ते’ अशी चिठ्ठी येण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि ते तिला कोणी करूही दिलं नाही. एकदा पनवेलहून परत येताना गाडीत मला म्हणाली, ‘दादा, मी कोणाच्या पट्टीत गाते तेच मला आता कळत नाही.’ पट्टी म्हणजे गाताना ‘सा’ कुठे धरायचा ते; स्पर्धेत मूळ गाण्याच्या पट्टीत गाऊन दाखवावं लागायचं, स्वतःच्या गळ्याला काय सोसतं ते विचारायला वेळच नव्हता. ती आता शाळेत संगीत शिकवते आणि खूश आहे, परवाच बोलणं झालं. तरी ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

म्हणून सुहास, सईला जाऊ दे. वहिनींना सांग, हरली तर काही बिघडत नाही. अरिजित सिंगसुद्धा 2005 मध्ये ‘फेम गुरुकुल’ हरलाच होता. पुढे त्याने कित्येक वर्षं संगीतकारांच्या हाताखाली स्टुडिओत काम केलं, आणि मग 2013 पासून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. माझी काळजी वेगळी आहे. ती जिंकली, निदान शेवटच्या दहात गेली, तर दुसऱ्या दिवशी काय गाणार? तिचं स्वतःचं काय आहे?

आणि तिच्याकडे आहे, म्हणूनच एवढं लिहितोय. मागच्या दिवाळीत तुझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांना तिने लावलेली चाल मला पाठवली होतीस ना, ती मी अजून पुसलेली नाही. ‘माझ्या माहेराच्या वाटं’ या ओळीवर ती जिथे थांबते आणि मग खाली उतरते, तसं कोणी शिकवून येत नाही. ऑडिशनला परीक्षक जे मागतील ते तिने गावं, पण त्या ओव्या सोडू नयेत. कॉलेजही सोडू नये. आणि करारावर सही करायची वेळ आली तर तू एकट्याने करू नकोस, किती वर्षांसाठी बांधून घेतायत, बाहेर गायला परवानगी लागणार का, हे एका वकिलाला वाचून दाखव. आमच्यातल्या दोघांनी न वाचता सह्या केल्या आणि नंतर साध्या गणपतीच्या कार्यक्रमालाही परवानगी मागत बसले.

पुढच्या शनिवारी तिला घेऊन ये. वहिनींनाही आण, त्यांच्या शंका त्यांनीच मला विचाराव्यात. दादरला आम्ही तालमीला एक हॉल घेतो, दुपारी चारनंतर तो रिकामा असतो. हार्मोनियमवाल्या काकांना सांगून ठेवतो, मी ढोलकी घेऊन येईन, ओव्यांना ऑक्टोपॅड नको. ऑडिशनची गाणी नंतर, आधी आजीच्या ओव्या म्हणून घेऊ.

फक्त एवढं कर, घरी निवांतपणे तिच्याकडून गाऊन घे आणि तिची पट्टी मला कळव. मी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी, धरून चाललोय.

तुझा,
दिनू