बॅरट्स चॅपल दाखवणाऱ्या काकांस आभाराचे पत्र

आदरणीय काका,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीच्या इतिहासाचे लेखन पुरे झाले असून, ते छपाईला देण्यापूर्वी तुमचे आभार सर्वांसमक्ष मानावेत असे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने ठरवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी लेकीकडे डेलावेअरला आलो असताना तुम्ही मला फ्रेडरिका गावाजवळच्या बॅरट्स चॅपल या जुन्या मेथडिस्ट देवळात नेले, तेथील जुन्या नोंदी समजावून सांगितल्या आणि पुढे माझा मसुदा ओळ न् ओळ तपासून दिलात. या मदतीवाचून आमच्या पुस्तिकेचे पहिले प्रकरण लिहिले गेले नसते.

आमच्याकडे शब्बाथ शाळेत 1784 हे साल मुलांना तोंडपाठ असते. त्या वर्षी अमेरिकेत मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली आणि त्याच चर्चचे मिशनरी विल्यम टेलर 1871 साली मुंबईत आले, एवढे सांगितले की आमचा धडा संपतो. ज्या खेड्यातल्या इमारतीत त्या स्थापनेची बोलणी सुरू झाली, ती आजही उभी आहे हे मला तुमच्यामुळे कळले. बाल्टिमोरमधल्या ज्या लव्हली लेन सभागृहात पुढे ठराव झाले, ती मूळ वास्तू मात्र राहिली नाही. शहरातली गेली आणि शेतांमधली टिकली, याचे मला फार अप्रूप वाटते.

तुम्ही मला आधी आत नेलेच नाही. बाहेरून फिरवून बेचाळीस फूट एक बाजू आणि अठ्ठेचाळीस फूट दुसरी, असे माप पावलांनी घ्यायला लावले, दुमजली विटांची भिंत खालपासून वरपर्यंत पाहायला लावली, आणि मग विचारले की 1780 साली, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, एवढे मोठे देऊळ खेड्यात कोणी आणि का बांधले असेल. जमीन फिलिप बॅरट यांनी दिली होती. ते केंट काउंटीचे शेरिफ राहिलेले, मोठे जमीनदार आणि नुकतेच मेथडिस्ट झालेले गृहस्थ होते. युद्ध संपल्यावर हे सगळे मेथडिस्ट मक्याच्या एका कणगीत मावतील, मग एवढी इमारत कशाला, असे तेव्हा कोणी म्हणाल्याची गोष्ट तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती गोष्ट सांगताना, ही आख्यायिका आहे, नोंद नव्हे, असे तुम्ही लगेच बजावलेत. हाच भेद आम्ही आमच्या पुस्तिकेत आरंभापासून अखेरपर्यंत पाळला आहे.

त्या काळची अडचणही तुम्हीच नीट उलगडून दाखवली. युद्धामुळे इंग्लंडच्या चर्चचे बरेच पाळक निघून गेले होते आणि मेथडिस्ट उपदेशकांना पाळकपदाची दीक्षा मिळालेली नसल्याने ते बाप्तिस्मा किंवा प्रभुभोजन देऊ शकत नव्हते. मेथडिस्ट उपदेशकांचे पुढारी फ्रान्सिस ॲस्बरी यांनी मेरीलँड राज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्यास नकार दिल्यावर 1778 पासून याच केंट काउंटीत न्यायाधीश थॉमस व्हाइट यांच्या घरी आश्रय घेतला होता. दीक्षेवाचून संस्कार देण्यास त्यांचा ठाम विरोध होता, त्यामुळे लोक वर्षानुवर्षे प्रभूच्या मेजावाचून राहिले. अखेर मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी सप्टेंबर 1784 मध्ये ब्रिस्टल येथे रिचर्ड व्हॉटकोट आणि थॉमस व्हेसी यांना दीक्षा दिली, थॉमस कोक यांना सुपरिंटेंडेंट, म्हणजे देखरेख करणारे प्रमुख, नेमले आणि तिघांना अमेरिकेला धाडले.

14 नोव्हेंबर 1784 चा तो रविवार सगळीकडे एकाच प्रसंगासाठी सांगितला जातो. कोक यांचा उपदेश संपताच एक साधासुधा, धिप्पाड माणूस व्यासपीठावर आला, त्याने त्यांना मिठी मारून त्यांचे चुंबन घेतले आणि हेच ॲस्बरी असावेत हे कोक यांनी ओळखले. तुम्ही मात्र मला जमिनीत बसवलेल्या ताऱ्याजवळ थांबवलेत आणि म्हणालात की मिठी दोघांची होती, इथे मिळाले ते सर्वांना मिळाले. अमेरिकेतील मेथडिस्टांना आपल्याच दीक्षित सेवकांच्या हातून संस्कार पहिल्यांदा येथे मिळाले, हे तो तारा सांगतो. कोक यांनी पाचसहाशे जणांनी प्रभुभोजन घेतल्याचे लिहून ठेवले आहे, आणि व्हॉटकोट प्याला हाती घेऊन सेवा करत आहेत हे पाहून ॲस्बरी चकित झाल्याचे त्यांच्या रोजनिशीत आहे. ही सगळी माणसे त्या बेचाळीस फुटी भिंतींमध्ये कशी मावली असतील, असे मी विचारले तेव्हा तुम्ही बोटाने वरची गॅलरी दाखवलीत.

त्याच दिवशी बॅरट यांच्या विधवा पत्नीच्या घरी जेवण होऊन बैठक झाली. फिलिप बॅरट त्याच वर्षी वारले होते. केवळ वेस्लींच्या नेमणुकीवर आपण सुपरिंटेंडेंटचे पद घेणार नाही, उपदेशकांनी निवडले तरच घेऊ, अशी अट ॲस्बरी यांनी घातली. ती अट मला या सगळ्या इतिहासाचा कणा वाटते, कारण मंडळीच्या सेवेची नेमणूक मंडळीतल्यांना विचारून व्हावी हा आग्रह आमच्या कमिटीतही आजवर धरला जातो. उपदेशकांना बोलावण्यासाठी त्यांच्यातलेच फ्रीबॉर्न गॅरेटसन घोड्यावरून तातडीने निघाले आणि नाताळात बाल्टिमोरला जमलेल्या सुमारे साठ जणांनी ॲस्बरी यांना निवडले. लागोपाठ तीन दिवसांत त्यांना डीकन, एल्डर आणि सुपरिंटेंडेंट अशा दीक्षा मिळाल्या.

हॅरी होझियर आणि रिचर्ड ॲलन यांच्याविषयी तुम्ही धरलेला आग्रह तर मी कधीही विसरणार नाही. पहिल्या मसुद्यात ती दोन नावे नव्हती. तुम्ही समासात लिहिलेत की डेलावेअरचा मेथडिस्ट इतिहास गुलामगिरी वगळून लिहिता येत नाही. होझियर कृष्णवर्णीय होते, त्यांना वाचता येत नव्हते, तरीही बॅरट्स चॅपलनंतरच्या दौऱ्यात त्यांना सोबत घेऊन फिरलेल्या कोक यांनी त्यांना जगातल्या उत्तम उपदेशकांत गणले. ॲलन डेलावेअरमध्येच गुलाम होते, गॅरेटसन यांच्या उपदेशानंतर मालकाचे मन वळले आणि ॲलन यांनी स्वतः कमाई करून आपले स्वातंत्र्य विकत घेतले. पुढे 1816 साली त्यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभे राहिले. नाताळच्या त्याच परिषदेने सभासदांनी गुलाम मुक्त करावेत असा नियम केला आणि सहा महिने उलटण्याआधीच तो स्थगित केला, हेही आम्ही छापत आहोत. आपल्या मंडळ्यांमध्ये जातीचा प्रश्न ज्यांनी सोसला आहे, त्यांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

1841 मध्ये चॅपलच्या आतल्या भागाची फेररचना झाली, हे सांगताना तुम्ही एक सल्ला दिला होता: दुरुस्तीआधी मोजमाप आणि फोटो घ्यावेत, मग हात लावावा. त्यानुसार आमच्या देवळाच्या मागच्या भिंतीचा गिलावा काढण्याचे काम कमिटीने थांबवले आहे. तरुण संघाची मुले टेप घेऊन खोली न् खोली मोजत आहेत, आणि वऱ्हांड्याच्या तुळया व कौले कोणी दिली याविषयी वडीलधाऱ्यांना विचारून सांगणाऱ्याच्या नावासह लिहून घेत आहेत. आराखडा तयार झाला की तुमच्याकडे तपासायला पाठवतो. काकूंना आमचा सलाम सांगावा.

आपला नम्र,
मंडळीच्या इतिहास समितीच्या वतीने
चिटणीस