अण्णांची सुतळी

संपादक साहेब,

आमचे अण्णा मागच्या महिन्यात गेले. बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतले, ट्रेनिंग खडकीला झालेलं, म्हणून त्यांचं दैवत म्हणजे त्याच पलटणीचे रामा राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरलेले, तर राणे मांडीला जखम झालेली असताना रणगाड्याखाली सरपटत जायचे आणि दोरी ओढून ड्रायव्हरला थांब, चल असे इशारे द्यायचे. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिलेच. हे आम्ही जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की आई म्हणायची, अहो आमटी थंड होतेय, राजौरी उद्या घ्या!

स्वतःच्या नोकरीबद्दल मात्र अवाक्षर नाही. मेडल्स ट्रंकेत, घडी घातलेल्या मफलरखाली.

पुढे आईला पॅरालिसिस झाला, आवाज गेला. तेव्हा अण्णांनी तिच्या चांगल्या हाताला सुतळी बांधली आणि दुसरं टोक स्वतःच्या पायाच्या अंगठ्याला, एकदा ओढली की पाणी, दोनदा ओढली की कूस बदलायची. चार वर्षं. नर्स ठेवूया म्हटलं तर चिडायचे, म्हणे ड्युटी माझी आहे. आम्ही भावंडं पण बरं झालं म्हणून गप्प बसलो, खोटं कशाला बोलू.

आई गेल्यावरही सुतळी कॉटला तशीच होती. परवा सून आवरताना सोडायला गेली तर धाकटा नातू रडायलाच लागला. मग राहू दिली.

- एक वाचक, सातारा