तांब्याच्या गावाहून

स्वॉन्झी, वेल्स

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तिथं येऊन बघायचं काय, पाऊस आणि मेंढ्या?" पाऊस आहे, अगदी कंटाळा येईस्तोवर आहे. मेंढ्या गावाबाहेर. पण बाबा, तुमचा उभा जन्म तांबट आळीत तांबं ठोकण्यात गेला आणि मी येऊन पडले ती नेमकी अशा गावात, ज्याला एके काळी 'कॉपरोपोलिस' म्हणत, म्हणजे तांब्याची नगरी. हे फोनवर सांगायला गेलं की मध्येच आई "जेवलीस का" विचारते, म्हणून पत्र.

गंमत अशी की इथं तांब्याची खाण नाही. तांब्याचं खनिज समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलमध्ये निघायचं. मग भट्ट्या तिथं का नाही घातल्या? कारण तांबं गाळायला खनिजाच्या कितीतरी पट कोळसा लागायचा, आणि कोळसा होता इथं, टावे नदीच्या काठाला, जवळजवळ हाताशी. तेव्हा हिशोब सोपा: कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिज कोळशाकडे आणा. जहाजं खनिज घेऊन यायची आणि परतताना कॉर्नवॉलच्या खाणींतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनांसाठी कोळसा भरून न्यायची. रिकामी खेप नाही. १७१७ साली इथल्याच लँडोर भागात पहिली भट्टी पेटली आणि पुढच्या शंभरेक वर्षांत ब्रिटनमधलं बहुतेक सगळं तांबं याच परिसरात गळायला लागलं.

आता तुम्हाला आवडेल ते. एवढं गाळून, पुन्हा भाजून, पुन्हा गाळून झाल्यावरही तांबं ठिसूळच राहायचं. मग शुद्ध करणारा मिस्त्री रसात चक्क ओल्या लाकडाचा ओंडका खुपसायचा. लाकूड जळताना निघणारा वायू तांब्यातला प्राणवायू काढून घ्यायचा. मधूनमधून पळीभर रस काढून, थंड करून, ठोकून, मोडून तो कण बघायचा. कमी ढवळलं तरी ठिसूळ, जास्त ढवळलं तरी ठिसूळ! सगळी मदार त्याच्या नजरेवर. तुम्ही पत्र्याला नुसतं बोट लावून "हा फाटणार" म्हणायचात, ते आठवलं.

आणि हे तांबं जायचं कुठं? युद्धनौकांच्या तळाला पत्रा म्हणून, टाकसाळीत, आणि कंपनी सरकारच्या जहाजांतून हिंदुस्थानातसुद्धा. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी ब्रिटिश तांबं भरभरून आपल्याकडे विकत होती. पेशव्यांनी कोकणातून आपली माणसं पुण्याला आणून वसवली तोही साधारण हाच काळ. आपल्या खापरपणज्यानं टावेकाठच्या तांब्यावर हातोडा मारलाच नसेल, असं काही सांगता येत नाही.

सगळंच कौतुकाचं नाही बरं का. व्हाइट रॉक नावाच्या कारखान्यात तांब्या-पितळेची कडी बनत, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती देऊन माणसं विकत घेतली जात. पुढं खनिज क्युबाहून यायला लागलं, तिथल्या खाणीत तर गुलामच राबत होते. १८६५ मध्ये क्युबाहून आलेल्या 'हेक्ला' जहाजानं गावात पीतज्वर आणला, माणसं दगावली. चिलीहून केप हॉर्नला वळसा घालून खनिज आणणाऱ्या इथल्या खलाशांचा मात्र लोकांना अजून अभिमान आहे.

नदीपलीकडे किल्वी टेकडी आहे, माझ्या स्वयंपाकघरातून दिसते. भट्ट्यांच्या गंधकाच्या धुरानं ती पार बोडकी झाली होती. गवत मेलं, पावसानं माती वाहून गेली. शेतकरी १८३० च्या दशकात कोर्टात गेले आणि हरले. गावाचं पोट ज्याच्यावर, त्याच्याविरुद्ध निकाल कोण देणार! कारखाने बंद पडल्यावर खोरंभर राखेचे ढिगारे उरले. १९६१ पासून विद्यापीठानं आणि नगरपालिकेनं मनावर घेतलं आणि शाळेतल्या पोरांना कामाला लावून झाडं लावली. शेजारचे आजोबा त्या पोरांतले. "निम्मी मेली, मग आम्ही पुन्हा लावली," असं ते सहज सांगतात. आज टेकडी हिरवी आहे.

आई, तुझ्यासाठी मंडई आहे. मूळ मंडई १९४१ च्या फेब्रुवारीत गेली. तीन रात्री ओळीनं जर्मन विमानांनी बाँब टाकले, दोनशे तीस माणसं गेली आणि गावाचा मध्यभाग सपाट झाला. म्हणून इथला मुख्य रस्ता असा रुक्ष दिसतो, घाईघाईत पुन्हा बांधलेला. आताची मंडई १९६१ ची. मधोमध जवळच्या पेनक्लॉद गावच्या बायकांचे गाळे असतात, तुझ्या तिसऱ्यांची धाकटी बहीण शोभेल असा शिंपल्यांतला मेवा उकडून, सोलून ठेवलेला. पूर्वी या बायका ओहोटीला गाढवं घेऊन वाळूत उतरायच्या. त्याच्या शेजारी लाव्हरब्रेड: नावाला ब्रेड, प्रत्यक्षात समुद्री शेवाळ तासन् तास शिजवून केलेला काळपट हिरवा लगदा. मी लसणीची फोडणी देऊन खाल्ला. शेजारच्या आजोबांनी तोंड फिरवलं.

बाबा, क्रिकेटचंही सांगते. समुद्राजवळ सेंट हेलन्स नावाचं मैदान आहे. ३१ ऑगस्ट १९६८ ला वेस्ट इंडिजच्या सोबर्सनं एका षटकात सहा षटकार मारले ते इथंच, शेवटचा तर मैदानाबाहेर रस्त्यावर. १९८५ मध्ये वानखेडेवर त्याची बरोबरी करणारा आपला रवी शास्त्री पुढं इथल्याच ग्लॅमॉर्गन संघाकडून खेळला. तो सामना तुम्ही रेडिओवर ऐकला असं म्हणता. दादा म्हणतो, नाही. तुमचं तुम्ही बघा.

आता मुद्द्याचं. हॅवॉड आणि मॉर्फा इथले शेवटचे तांब्याचे कारखाने १९८० ला बंद झाले आणि बहुतेक सगळं पाडून टाकलं. उरली इंजिनघरं आणि काही भिंती. आता त्याच भिंती वाचवायला लाखो पौंड ओततायत, आणि एका इमारतीत व्हिस्कीची भट्टी निघालीय, तांब्याच्याच भांड्यांची! दादा म्हणाला, गाळा रिकामा करायचाय, ऐरणी-हातोडे भंगारात घालणार. बाबा, कृपा करून थांबा. भंगारवाला कुठं पळून जात नाही. गाळा द्यायचा तर द्या, पण हातोडे घरी माळ्यावर ठेवा. मठारायचा तुमचा तो छोटा हातोडा तर मला इथं हवाय, सामानात टाकून आणा.

हो, आणा, कारण तुम्ही येताय. जूनमध्ये या, तेव्हा रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. मम्बल्स गावाला जाणारी वाट जुन्या रेल्वेच्या जागेवरून समुद्राकाठानं जाते, अगदी सपाट, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. याच मार्गावर १८०७ मध्ये रुळांवरून घोड्यांनी ओढलेली प्रवासी गाडी धावली, जगातली पहिली. व्हिसाचे कागद मी दादाला पाठवलेत, बँकेचं पत्र तेवढं मॅनेजरची सही-शिक्का घेऊन आणा. आणि आई, गोडा मसाला एक किलो पुरे, गेल्या वेळचा अजून आहे.

तुमची,
सुमी