मोहेंजोदडो हल्ल्यात नाही संपलं

रविवारच्या पुरवणीत सिंधू संस्कृतीवरचा लेख वाचला, त्यात बाहेरच्या टोळ्यांच्या हल्ल्यात मोहेंजोदडो संपलं असं लिहिलंय, ते पटलं नाही. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्येच ही कत्तलीची गोष्ट खोडून काढली होती. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पावसाळा कमजोर झाला, याचा पुरावा मेघालयातल्या मॉमलूह गुहेतल्या चुनखडीच्या थरांत आहे, आणि लोक हळूहळू पांगत गेले.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीत काय झालं तेही छापा ना! इ.स.पू. १००० च्या सुमारास तिथे बार्लीची शेती घटली, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शिकार वाढली. हे कळतं कशावरून, तर मातीवरून अन् हाडांवरून! माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे. नगरधनला, म्हणजे वाकाटक राजांची राजधानी असलेल्या नंदिवर्धनला, नागपूरकर गाड्या भरभरून किल्ला बघायला जातात, पण त्या काळी तिथे पाऊस कसा होता, लोक काय पेरत होते, हे सांगणारा एक बोर्ड तरी तिथे लागायला हवा. पुरवणीत यावर एखाद्या पुरातत्त्व अभ्यासकाकडून लेख लिहून घ्या, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर