भगरीचं सुट्टं पीठ घेऊ नका, अन् सॅम्पल सणाच्या आधी घ्या

संपादक साहेब, नमस्कार.

नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की आपल्या मराठवाड्यात भगरीतून विषबाधा ही बातमी येतेच अन् लोक लगेच आचाऱ्याला धरतात, शिळं वाढलं असंल म्हणतात. पण खरं कारण बऱ्याचदा दुकानाच्या, गोदामाच्या पातळीवरच असतं. भगर ओल धरते, दमट जागी पडून राहिली की बुरशी लागते अन् त्या बुरशीचं विष दाण्यात उतरतं, मग कितीही शिजवा, ते सगळं काही जात नाही. सुट्टं पीठ तर त्याहून वाईट कारण त्यात खराब दाणा दिसतच नाही. मळमळ, उलट्या, चक्कर अन् हातपाय थरथरणं ही लक्षणं दिसली की आपल्याकडं उपाशीपोटी पित्त झालं म्हणून लिंबूपाणी देऊन झोपवतात, कृपा करून तसं करू नका, लगेच दवाखान्यात न्या.

भगर पॅकबंद घ्या, तारीख बघा, निवडून धुऊन वाळवा अन् लागंल तेवढंच पीठ घरी दळा. पंगतीसाठी पोत्यानं पीठ आणणाऱ्या मंडळांनी तर हे ऐकायलाच पाहिजे.

फेब्रुवारी 2024 मधी लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला एकादशीचा प्रसाद खाऊन जवळपास 2000 माणसं आजारी पडली होती. एवढे पेशंट रात्री एकदम आले तर तालुक्याच्या दवाखान्यात बघणार कोण? तिथला डॉक्टर सकाळपासून ओपीडी, बाळंतपण, पोस्टमार्टम करून थकलेला असतो अन् आपण त्याच्याच अंगावर जातो, सलाईन का लावली नाही म्हणून. मेडिकल कॉलेजातल्या निवासी डॉक्टरांना सलग 12 तास अन् आठवड्याला 48 तासांच्या वर ड्युटी नको असं केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी स्कीममधीच लिहिलेलं आहे, तरी पोरं दीड-दीड दिवस न झोपता उभी असतात. झोप नसलेल्या माणसाच्या हातून डोस चुकला तर भोगायचं पेशंटलाच ना. म्हणून रात्रीला दुसरा डॉक्टर द्या ही मागणी डॉक्टरांची नाही, आपली पाहिजे.

अन्न व औषध प्रशासनाला एकच विनंती, माणसं आजारी पडल्यावर सॅम्पल नेता ते घटस्थापनेच्या पंधरा दिवस आधी मोंढ्यातल्या गोदामांतून न्या, अन् रिपोर्ट सणाच्या आत पेपरात छापा.

एक वाचक, कंधार (जि. नांदेड)