बर्फात गाडी नेण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्फाच्या प्रदेशात तुझी बदली झाली आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडी मिळणार, हे ऐकल्यापासून जे मनात घोळतंय ते फोनवर नीट सांगता येत नाही. म्हणून लिहिते.

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली की गाडी बर्फातून पटकन निघते, चढही चढते. धोका तिथूनच सुरू होतो. निघताना चाक घसरलं नाही की रस्ता बरा आहे असं वाटतं आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जड होतो. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबताना तुझ्या गाडीला साध्या गाडीपेक्षा काहीही जास्त मिळत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगात कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी साधारण १५ मीटरांत थांबते. दबलेल्या बर्फावर ५० मीटर लागतात, गोठून कडक झालेल्या थरावर १०० च्या आसपास. वेग दुप्पट झाला तर हे अंतर चौपट होतं. वळणावरही तेच. रस्ता धरून ठेवतात ते टायर. म्हणून माझ्या मते फोर-व्हीलपेक्षा टायर आधी. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. घालायचे ते चारही चाकांना.

आता फोर-व्हील लावायच्या-काढायच्या लीव्हरबद्दल. गाडीची पुस्तिका वाच आणि तिची फोर-व्हील पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरती आपण लावायची, आहे का ते बघ. असेल तर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या नेहमीच्या जागी, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकं फिरवणारे दांडे) एकत्र जखडले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. बर्फावर चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो, कोरड्या रस्त्यावर निघत नाही. मग स्टीअरिंग जड होतं, गाडी अडखळते आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. म्हणून रस्ता मोकळा झाला की टू-हायवर, म्हणजे दोनच चाकांच्या ड्राइव्हवर, परत ये. आणि चाकं जागेवर फिरत असताना फोर-व्हील कधीही टाकू नकोस. बर्फ लागायच्या आधी, गाडी सरळ चालत असताना टाक. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जास्त जोर पण कमी वेग, फक्त खोल बर्फासाठी, तीव्र चढउतारासाठी, अगदी हळू जाताना.

उतारावर मात्र या गाडीचा खरा उपयोग आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध चारही चाकांवर वाटला जातो आणि ब्रेकला कमी हात लावावा लागतो. अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नकोस तेवढं. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर रस्ता नुसता ओला दिसला तरी तिथे बर्फ आहे असंच धरून चाल.

अडकलीस तर चाकं फिरवत बसू नकोस, खड्डा खोल होत जातो. चाकांपुढचा बर्फ काढ आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघ. मदतीची वाट बघत इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ मोकळा कर. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वासही नसतो. पोरी, हे एवढं तरी कधीच टाळू नकोस. फावडं, पांघरूण आणि टॉर्च गाडीत कायम असू दे.

गाडी ताब्यात आली की टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण आहे का ते बघ आणि फोटो पाठव. नसेल तर टायर बदलेपर्यंत बर्फात जाऊ नकोस.

तुझी,
आई